उंचीचे भान : स्कायडायव्हिंगच्या विद्यार्थ्यांसाठी

मंडळी, पुण्यातल्या अनेकांची हवेत उडण्याशी पहिली ओळख कामशेतला, पॅराग्लायडिंग करताना होते. तिथे पंख जमिनीवरच हवेने भरतो. दोऱ्या गुंतल्या तर तिथेच थांबता येते. स्कायडायव्हिंगमध्ये पॅराशूट विमानातून बाहेर पडल्यावर उघडते आणि ते नीट उघडले का, हे तेव्हाच कळते. त्यामुळे धाडसापेक्षा उंचीचे भान मला जास्त महत्त्वाचे वाटते.

एएफएफ (ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल) या शिकवण्याच्या पद्धतीत पहिली उडी साधारण १३,००० फुटांवरून होते. दोन्ही बाजूंना प्रशिक्षक तुमचा हार्नेस (अंगावरचे पट्टे) धरून असतात. पहिल्या दहा सेकंदांत सुमारे हजार फूट जातात. नंतर वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो आणि दर हजार फुटांना जेमतेम साडेपाच सेकंद मिळतात. म्हणजे पॅराशूट उघडायच्या उंचीपर्यंत, ५,५०० फुटांपर्यंत, पाऊण मिनिट.

मनगटावरचा अल्टिमीटर उतरायच्या मैदानावर शून्याला लावतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. इथे समुद्रसपाटीपासूनची उंची वाचत बसलात, तर खाली प्रत्यक्षात नसलेले अठराशे फूट तुमच्या हिशेबात येतील.

हवेत कंबर पुढे, हनुवटी वर, गुडघे थोडे दुमडलेले. क्षितिज, अल्टिमीटर, प्रशिक्षक असे आळीपाळीने पाहत राहायचे. प्रशिक्षकाने दोन बोटे सरळ दाखवली तर पाय लांब करा. एकच बोट दाखवले तर पॅराशूट उघडा. कंबर मागे गेली की तोल जातो. पाठीवर पडत असताना पायलट चूट (मुख्य पॅराशूट बाहेर खेचणारे छोटे पॅराशूट) सोडली तर ती अंगात अडकू शकते.

५,५०० फुटांवर हात हलवून इशारा द्यायचा आणि पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी उजवीकडे असलेले हँडल ओढून पायलट चूट फेकायची. मग वर पाहायचे. पॅराशूट आयताकृती आहे का? सरळ चालते का? एक ब्रेक (हातातली सुकाणूची दोरी) ओढल्यावर वळते का, दोन्ही ओढल्यावर वेग कमी होतो का? कडेचे कप्पे बंद असतील किंवा स्लायडर (दोऱ्यांवरून खाली सरकणारा कापडी तुकडा) वर अडकला असेल, तर ब्रेक खाली ओढून पाहा. दोऱ्यांना पीळ पडला तर रायझर (दोऱ्यांना हार्नेसशी जोडणारे पट्टे) फाकवून पाय झाडा. मात्र हे सगळे २,५०० फुटांच्या वरच. तिथपर्यंत पॅराशूट ताब्यात आले नाही तर दुरुस्ती सोडा: छातीच्या उजवीकडचे लाल हँडल पाहा, धरा, ओढा, मुख्य पॅराशूट सुटते. लगेच डावीकडचे रिझर्व्हचे, म्हणजे राखीव पॅराशूटचे, हँडल ओढा. मुख्य पॅराशूटचे काहीच बाहेर आले नसेल, तर थेट रिझर्व्ह. पायलट चूट बाहेर आहे पण पिशवी उघडली नाही, अशा वेळी काय करायचे याच्या दोन पद्धती आहेत. आपल्या प्रशिक्षकाची कोणती, हे जमिनीवरच पक्के करून घ्या.

एएडी (ऑटोमॅटिक ॲक्टिव्हेशन डिव्हाइस) हे यंत्र अगदी खाली, वेग जास्त असला तर रिझर्व्ह आपोआप उघडते. पण त्याच्या भरवशावर थांबणे मला मान्य नाही. अडचण ओळखूनही हात जागचे हलत नाहीत, हा खरा धोका. म्हणून ही हँडले जमिनीवर, टांगत्या हार्नेसमध्ये पुन्हापुन्हा ओढून घेतात.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली. त्या अनुभवी स्कायडायव्हर. विद्यार्थ्याने मात्र हँडले झाकेल असे काहीच सैल घालू नये.

उतरताना सुमारे १,००० फुटांवर वाऱ्याबरोबर, ६०० वर आडवे, ३०० वर वाऱ्यासमोर असा मार्ग धरायचा. खाली आल्यावर तीव्र वळण घेऊ नका. वळणात पॅराशूट झपाट्याने खाली जाते. वाऱ्याच्या दिशेने उतरावे लागले तरी चालेल, पॅराशूट सपाट ठेवा. जमिनीपासून दहा-बारा फुटांवर दोन्ही ब्रेक सारखे खाली ओढा. लवकर ओढलेत तर हात तिथेच धरून ठेवा. सोडलेत तर पॅराशूट पुढे झेपावेल. पाय आणि गुडघे जुळवून तळवा, पोटरी, मांडी, कंबर, खांद्याची मागची बाजू या क्रमाने लोळण घ्या.