इस्तंबूलमधला शेवटचा दिवस: टेकडीवरून उतरा आणि बोटीत बसा!

नमस्कार मंडळी!

इस्तंबूलची सहल संपत आलीय. विमान रात्री उशिरा आहे, पण हॉटेलची खोली दुपारच्या आत सोडायचीय. बॅगा रिसेप्शनवर ठेवल्या की हातात उरतो जवळजवळ अख्खा दिवस. बहुतेक जोडपी या दिवशी राहिलेलं सगळं उरकायला निघतात. सकाळी हागिया सोफियाची रांग, मग तोपकापी राजवाडा, मग बाजार, आणि चार वाजेपर्यंत दोघंही एकमेकांवर वैतागलेले!

असं करू नका, मनापासून सांगते. शेवटच्या दिवशी पाय दमलेले असतात, म्हणून आजचा आपला रस्ता सगळा उताराचा आहे. वर टेकडीवर मशीद, मधे बाजार, खाली धक्का आणि तिथून बोट. एकाला इमारती बघायच्या असतील आणि दुसऱ्याला खरेदी करायची असेल, तरी दोघांचंही याच रस्त्यावर भागतं.

(दृश्य: सुलेमानियेचं अंगण)

मेट्रोनं वेझ्नेजिलेरला उतरा आणि चालत सुलेमानिये मशिदीत या. सुलतान सुलेमानासाठी सिनान या वास्तुकारानं ती १५५० ते १५५७ या काळात बांधली. घुमट ५३ मीटर उंच आहे, पण मला त्याहून आवडते ती काजळीची गोष्ट. इथे तेलाचे असंख्य दिवे जळायचे. सिनाननं आतली हवा अशी खेळवली की काजळी दरवाजावरच्या एका खोलीत ओढली जायची, आणि तिच्यापासून शाई बनवत, असं सांगतात.

मागच्या बागेत नक्की जा. तिथे सुलेमान आणि हुर्रेम यांच्या कबरी आहेत, वेगवेगळ्या घुमटांखाली पण शेजारीशेजारी. हुर्रेम गुलाम म्हणून राजवाड्यात आली होती. सुलतानानं तिला मुक्त केलं आणि सगळा रिवाज मोडून तिच्याशी लग्न केलं. ती १५५८ मध्ये गेली, तो १५६६ मध्ये. तिच्या कबरीच्या आतल्या फरशा बघा, फुललेल्या झाडांची नक्षी आहे त्यांवर. दोघांनी मिळून बघावी अशी या शहरात याहून सुंदर जागा मला माहीत नाही.

बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी जवळ ठेवा. नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत आणि शुक्रवारी दुपारी तर जाऊच नका.

मशिदीच्या समोरच एका ओळीत छोटी खानावळवजा हॉटेलं आहेत. त्यांची खासियत म्हणजे कुरू फासुल्ये, टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया. सोबत लोण्यातला भात आणि लोणचं. शाकाहारी असाल तर ‘एत्सिझ’ म्हणजे मांस नसलेलं आहे का, हे आधी विचारा, कारण काही ठिकाणी रश्श्यात मांस असतं.

आता खाली उतरायचं. गल्ल्यांमध्ये पितळेची भांडी, दोरखंड, लाकडी चमचे, टोपल्या. गर्दीत मान वर करून एक मिनार शोधा, ती रुस्तम पाशा मशीद. दुकानांच्या डोक्यावर बांधलीय, त्यामुळे अरुंद जिना चढून जावं लागतं. तेवढाच काय तो चढ! हीसुद्धा सिनानचीच, १५६० च्या दशकातली. आतल्या भिंती इझनिक या गावच्या रंगीत फरशांनी भरल्यात. इथे घाई करू नका. भिंतीजवळ, जरा तिरप्या उजेडात उभं राहून ट्यूलिपच्या फुलांमधला लाल रंग बघा. निळा सपाट बसलाय आणि लाल मात्र किंचित फुगून वर आलाय, कारण तो लोहयुक्त मातीचा जाड थर आहे. हात लावायचा नाही हं!

बाहेर पडलात की हासिर्जिलार रस्ता. भाजलेल्या कॉफीचा वास तुम्हाला आपोआप ओढत नेईल. रस्त्याच्या टोकाला मिसिर चारशी, सतराव्या शतकातला मसाल्यांचा बाजार. चव घ्यायला आत जा, पण खरेदी याच रस्त्यावर करा, इथे स्थानिक लोक घेतात. लोकुम म्हणजे इथली मऊ, चिवट मिठाई, ती घ्या, पिस्ते घ्या. डाळिंबाचा आंबट अर्क घेतलात तर तो बाटलीतला द्रवपदार्थ आहे, हातातल्या बॅगेत चालणार नाही.

समोरच एमिनोन्यूचा धक्का. पलीकडच्या आशियाई किनाऱ्यावरच्या काडीक्योयची बोट पकडा. ही टूरवाल्यांची नाही, रोज कामावर जाणाऱ्यांची बोट आहे, आणि इस्तंबूलकार्टावर, म्हणजे शहराच्या प्रवास-कार्डावर चालते. एका कार्डावर दोघांना जाता येतं. एक सिमित (तीळ लावलेला कड्यासारखा पाव) आणि दोन चहा घ्या आणि वरच्या उघड्या डेकवर बसा. जाताना डाव्या बाजूला बसलात तर बॉस्फरस, समुद्रातला किझ कुलेसी बुरूज आणि शेवटी हैदरपाशा स्टेशनची जुनी जर्मन इमारत दिसेल.

आणि खालच्या पाण्याबद्दल सांगायलाच हवं. बॉस्फरसमध्ये दोन प्रवाह आहेत. वरचं कमी खारं पाणी काळ्या समुद्राकडून मार्मारा समुद्राकडे वाहतं आणि तळाशी जास्त खारट, जड पाणी बरोबर उलट दिशेनं. सतराव्या शतकात मार्सिली नावाच्या तरुण इटालियनानं वजन बांधलेली दोरी खाली सोडून हे दाखवून दिलं होतं. चहाचा ग्लास हातात घेऊन त्या पाण्याकडे बघताना मला दर वेळी तितकंच भारी वाटतं.

(दृश्य: काडीक्योयचा बाजार)

वीसेक मिनिटांत तुम्ही आशियात. काडीक्योयच्या बाजारात फार बघायचं नाही, खायचं! मासे खाणाऱ्यांनी मिद्ये दोल्मा घ्यावं, शिंपल्यात भरलेला मसालेभात, वर लिंबू. विकणारा एकेक हातात देत राहतो, तुम्ही थांबा म्हणेपर्यंत. मांस नको असेल तर लोणच्याच्या दुकानात जा. तिथे लोणच्याचं आंबट-खारट पाणी ग्लासात देतात, वर लोणच्याचे तुकडे. मग कॉफी. साखर कॉफीबरोबरच उकळतात, नंतर घालून चालत नाही, म्हणून ऑर्डर देतानाच सांगायचं: साखर नको असेल तर ‘सादे’, मध्यम हवी असेल तर ‘ओर्ता’.

वेळ असेल तर मोदाच्या किनाऱ्यावर जाऊन बसा. नसेल तर सरळ परतीची बोट धरा, पण ती सूर्यास्ताची धरा आणि या वेळीही डावीकडेच बसा. तोपकापी, हागिया सोफिया, निळी मशीद, सगळं एका रेषेत उभं असतं. सकाळी ज्यांच्या रांगेत उभे राहिला नाहीत, ते सगळं अर्ध्या बोटप्रवासात समोरून सरकतं.

आता महत्त्वाचं. संध्याकाळी टॅक्सीच्या भरवशावर राहू नका, वाहतूक तुंबलेली असते. बॅगा घ्या, एम-२ मेट्रोनं गायरेत्तेपे गाठा आणि तिथून एम-११ थेट नव्या विमानतळावर जाते. पण तिकीट आधी नीट बघा! विमान साबिहा गोकचेनवरून असेल तर तो विमानतळ आशियातच आहे आणि काडीक्योयहून एम-४ मेट्रो तिथेच जाते. मग परत फिरू नका, सकाळीच बॅगा घेऊन या आणि काडीक्योयमध्ये कुठे ठेवता येतील ते आदल्या दिवशी शोधून ठेवा.