चौकट टाकायची कुठे?

गोव्यातल्या हणजूणच्या खडकांवर चौकट टाकून तिच्या आतले जीव मोजायचे तर दिवस आपण ठरवत नाही, समुद्र ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाणाची सुकती, म्हणजे सगळ्यात मोठी ओहोटी, लागते आणि खालचा पट्टा उघडा पडतो. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या, दिवसांत गेलात तर कालवं आणि बार्नेकल (खडकाला चिकटलेले कवचवाले जीव) दिसतील. सरगॅसम, म्हणजे तपकिरी समुद्री शैवाल, बराचसा पाण्याखालीच राहील. मुरगावचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी खडकावर हजर राहा. वरून सुरुवात करून पाण्यामागोमाग खाली उतरायचं. पाणी फिरलं की सामान उचलायचं. ‘ही एक शेवटची’ म्हणणाऱ्याची पाठ नेमकी समुद्राकडे असते.

किनाऱ्याला काटकोनात टेप अंथरली की चौकट. पन्नास सेंटिमीटरची, पीव्हीसी पाइपची, घरीच करता येते. पण पाइप पन्नासचे कापून कोपऱ्यांना एल्बो लावलेत तर आतलं माप वाढतं. पंचावन्न झालं तर क्षेत्रफळ २५०० ऐवजी ३०२५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे मोजलेला प्रत्येक शंख एकवीस टक्के जास्तीच्या जागेतला. म्हणून माप आतल्या कडेचं घ्या. पाइपला भोकंही पाडा, नाहीतर डबक्यात चौकट तरंगते. आत दोऱ्यांनी पंचवीस घरं केली की एक घर म्हणजे चार टक्के.

आता ही टाकायची कुठे? डोळे मिटून भिरकावणं हा उपाय नव्हे. हात बरोबर सुंदर डबक्याकडे वळतो. टेपवरचे आकडे घरीच, यादृच्छिक क्रमांकांवरून काढून आणा. तिथे नुसता उघडा जांभा असेल तर उघडा जांभाच मोजा.

सगळ्यात जास्त गोंधळ थरांचा होतो. समजा सरगॅसमने पंधरा घरं झाकली आहेत: साठ टक्के. फोटो काढून पुढे गेलात तर खालची वस्ती हुकली. पानं हळूच बाजूला करा. खाली झोअँथिडची, म्हणजे प्रवाळाच्या मऊ नातलगांची, चटई दहा घरांत, म्हणजे चाळीस टक्के, आणि तिच्या कडेने बार्नेकल पाच घरांत, वीस टक्के. बेरीज १२० येते. घाबरून ती शंभरावर आणू नका. वरचा थर आणि खालचा थर वेगळ्या रकान्यांत लिहा. झोअँथिडला उघड्या हाताने चाचपू नका, काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. सुटे शंख मोजताना डाव्या आणि वरच्या कडेवरचे धरायचे, उजव्या आणि खालच्या कडेवरचे सोडायचे. मग एकच शंख दोनदा मोजला जात नाही.

प्रवाळ दिसला तर फोटो आणि नोंद, बस. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. तुकडासुद्धा पिशवीत टाकायचा नाही. उलटलेला दगड होता तसा ठेवायचा, खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात.

जागेच्या नोंदीसाठी हातातल्या जीपीएसवर विसंबू नका. त्याची चूक तीन-पाच मीटरची, आणि खडकावर तेवढ्यात पट्टा बदलतो. टेपचं वरचं टोक ठळक खडकापासून मोजा, होकायंत्राची दिशा लिहा, दोन्हीकडून फोटो घ्या.

तक्ता पेन्सिलीने भरा, शाई पाण्यात फुटते. आणि कालव शोधूनही सापडलं नाही तर रकान्यात शून्य लिहा. रिकामा रकाना म्हणजे कालव नव्हतं की बघायचं राहिलं, हे पुढच्या वर्षी येणाऱ्याला कळत नाही.