लंडन नावाची मुलगी

[दृश्य : शिलाई मशीन, अगदी जवळून]
चाक फिरते, सुईखालून कापड पुढे सरकते. ओमानी लेखिका जोखा अल्-हारिथी यांची ‘सय्यिदात अल्-कमर’ ही कादंबरी अशाच एका मशीनपासून सुरू होते. ओमानमधल्या अल्-अवाफी या काल्पनिक गावातली मय्या शिवणात गढलेली असते. लंडनहून पदवीविनाच परतलेल्या एका तरुणावर तिचा जीव जडलेला आहे, आणि लग्न मात्र सुलेमान व्यापाऱ्याच्या मुलाशी ठरते. मय्या चकार शब्द काढत नाही. पण पुढे मुलगी झाल्यावर तिचे नाव ती ‘लंडन’ ठेवते, आणि गाव चक्रावून जाते.

[दृश्य : खजुराच्या बागा, फलजचे वाहते पाणी]
फलज म्हणजे पाण्याचा पाट. डोंगरापासून बागेपर्यंत हे पाणी पंपाविना, नुसत्या उतारावर येते. १९७८ साली जन्मलेल्या जोखा यांनी हे जग कागदावर उतरवायला घेतले, ते मात्र दूर एडिनबरामध्ये.

[दृश्य : एडिनबराचे दगडी रस्ते, हिवाळी दुपार]
तेथील विद्यापीठात त्या अभिजात अरबी काव्यावर पीएच.डी. करत होत्या. प्रबंध इंग्रजीत लिहायचा, घरात तान्हे मूल, आणि बाहेर दुपार सरता सरताच अंधार. अशा दिवसांत त्या कादंबरीच्या निमित्ताने आपल्या अरबीकडे परतल्या. ‘सय्यिदात अल्-कमर’ २०१० मध्ये बैरुतहून प्रसिद्ध झाली.

[दृश्य : अरबी आणि इंग्रजी प्रती शेजारीशेजारी]
मॅरिलिन बूथ यांचा इंग्रजी अनुवाद २०१८ मध्ये एका लहानशा स्कॉटिश प्रकाशनाने काढला. पुढच्याच वर्षी त्याला मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अरबीतून आलेल्या पुस्तकाला हा मान प्रथमच मिळत होता, आणि ५० हजार पौंडांपैकी निम्मी रक्कम नियमानुसार अनुवादिकेची होती. आपल्याकडे अनुवादकाच्या हाती काय पडते, हे विचारू नये.

ही कादंबरी गुलामगिरीबद्दलही बोलते. ओमानमध्ये ती १९७० साली कायद्याने संपली. मय्याच्या नवऱ्याला लहानाचे मोठे करणारी जरीफा ही त्याच व्यवस्थेत वाढलेली दासी आहे.

[दृश्य : नारिंगाचे झाड]
जोखा आज मस्कतच्या सुलतान काबूस विद्यापीठात अरबी साहित्य शिकवतात. २०१६ च्या ‘नारिंजा’ या कादंबरीत ब्रिटनमध्ये शिकणारी जुहूर, आजीच्या मायेने आपल्याला वाढवणाऱ्या बिन्त आमिरच्या आठवणी काढत राहते. ‘नारिंजा’ हे फळाचे नाव; इंग्रजी शीर्षकात त्यामागे ‘कडू’ असे विशेषण लावावे लागले. मराठीत कोणी ही कादंबरी आणायची ठरवली, तर ‘नारिंग’ हा शब्द तयारच आहे, आणि तो अरबी ‘नारंज’च्याच कुळातला आहे.