ओव्हन रिकामा झाल्यावर: रोस्ट बीफसोबतच्या भाज्यांविषयी

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'रोस्ट बीफसोबत भाज्यांची निवड'. निवड म्हटलं की ऐकणारा यादीची वाट बघतो. यादी देणार आहे, पण शेवटी. त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. इंग्लंडातल्या रविवारच्या रोस्टच्या, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या मांसाच्या जेवणाच्या, भाज्या नुसत्या चवीवरून निवडायला बसलात, तर ऐन वाढायच्या वेळी स्वयंपाकघरात धांदल उडणार हे ठरलेलं. आधी बघायचा तो ओव्हन. कुठली भाजी कुठे शिजणार, तिला किती वेळ लागणार, आणि त्या वेळी मांस कुठे असणार? एवढं ठरलं की अर्धी निवड झालीच.

मांस ओव्हनमधून काढल्या काढल्या कापायचं नसतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन किलोचा फोररिब, म्हणजे बरगड्यांकडचा तुकडा, मधोमध ५० ते ५२ अंश सेल्सिअसला आला की काढायचा आणि वर फॉइल सैलसर टाकायची. बाहेरच्या थरातली उष्णता आत सरकत राहते आणि मधलं तापमान आणखी चार-पाच अंश चढतं. मांस अगदी मंद आचेवर भाजलं असेल तर हा चढ कमी असतो. मग ते निदान वीस मिनिटं, मोठा तुकडा असेल तर चाळीस मिनिटं, तसंच ठेवायचं. रस थोडा दाटतो, आणि सुरी लावल्यावर पाटावर ओहोळ वाहत नाही. या वेळाकडे बहुतेक जण 'थांबायचं' म्हणून बघतात. माझ्या लेखी सगळ्या जेवणातला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास, कारण ओव्हन मोकळा असतो आणि तुम्ही तो २२० अंशांपर्यंत बेधडक चढवू शकता. मांसाला १६० हवे असतात आणि बटाट्याला २००च्या वर. दोघांचं एका वेळी पटत नाही. एकमेकांनंतर मात्र छान जमतं.

आणि इथेच माझी जुनी तक्रार येते. ती जरा लांबेल, पण आज सांगायलाच हवी.

चित्र तुम्ही पाहिलंय. काळा ट्रे, मधोमध तपकिरी रोस्ट, आणि सभोवती बटाटे, गाजरं, पार्सनिप (गाजरासारखं पांढुरकं, गोडसर मूळ), कांदे, सगळं चकाकतंय. त्याखाली लिहिलेलं असतं की सगळं एकाच ट्रेमध्ये करा, भांडी कमी पडतील. हे चित्र बघून आजवर किती बटाटे वाया गेले असतील! त्या ट्रेमध्ये होतं काय ते बघू. मांसातून पाणी सुटतं. बटाट्यातून, गाजरातून वाफ निघते. फोडी एकमेकींना चिकटून बसलेल्या, त्यामुळे वाफेला निघायला फट नाही. पाणी उडून जात नाही तोवर फोडीचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर चढत नाही, आणि तो चांगला वर चढल्याशिवाय कवच धरत नाही. तासाभराने हाती येतो तो वाफवलेला बटाटा, खालून तेलकट आणि वरून चामट. शिवाय मांसाच्या बुडाशी गरम हवा पोचत नाही, म्हणून रोस्टची खालची बाजू राखाडी, मऊ राहते. म्हणजे नुकसान दोघांचंही.

कुणी म्हणेल, पण मांसाखाली काहीतरी ठेवायची जुनी पद्धत आहे ना? आहे, आणि ती वेगळी आहे. ओव्हन घरोघरी येण्याआधी गोमांस उघड्या विस्तवापुढे सळईवर फिरायचं आणि खाली ठिबकणारी चरबी झेलायला पसरट भांडं असायचं. यॉर्कशर पुडिंग, म्हणजे अंडं, दूध आणि मैद्याच्या पातळ पिठाचं फुगणारं पुडिंग, त्या भांड्यातलं. हॅना ग्लास या इंग्लिश लेखिकेच्या १७४७ सालच्या पाकपुस्तकात ते भाजणाऱ्या मांसाखाली ठेवायलाच सांगितलंय. विस्तव मोकळा होता, वाफ कोंडायला भिंती नव्हत्या, म्हणून ते जमत होतं. आजच्या ट्रेमध्ये मांसाखाली ठेवायचेच असतील तर दोन कांदे आडवे कापून आणि एक गाजर उभं चिरून ठेवा. ते ग्रेव्हीसाठी. त्यांचा सगळा गोडवा ट्रेच्या तळाशी उतरतो. शेवटी ते गाळणीत दाबायचे आणि टाकून द्यायचे, ताटात आणायचे नाहीत.

तर बटाट्याला स्वतःचा ट्रे. जात पिठूळ हवी. मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड. मेणासारखा घट्ट बटाटा सॅलडला ठीक, इथे त्याला कवच येत नाही. माणशी २५० ग्रॅम धरा आणि प्रत्येक बटाट्याच्या तीन फोडी अशा कापा की दोन-तीन सपाट बाजू मिळतील, कारण रंग धरतो तो सपाट बाजूला. फोडी गार पाण्यातच घालायच्या. उकळत्या पाण्यात टाकल्या की बाहेरचा थर विरघळतो आणि आत गाभा कच्चा राहतो. दोन लिटर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ आणि अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा. सोड्याने पाणी अल्कली होतं, फोडीच्या कडेच्या पेशी जोडून धरणारं पेक्टिन लवकर सुटतं आणि कडेला पिठाचा लगदा तयार होतो. उकळी फुटल्यापासून आठ ते दहा मिनिटं. मग चाळणीत ओतून पाच मिनिटं वाफ जाऊ द्या. ही पाच मिनिटं सगळे गाळतात. ओली फोड गरम चरबीत टाकली की चरबीच गार होते आणि पुढचं सगळं फसतं. वाफ गेली की पातेल्यात परत घालून, झाकण धरून चार-पाचदा हिसका द्यायचा. आता एक फोड उचलून बघा. कडा चुरगळलेली दिसेल, वर ओलसर पिठाची साय, आणि कोपरे गोलसर झालेले. पुढे कुरकुरीत होणार ती ही साय. फोड गुळगुळीत दिसली तर अजून हिसके द्या. तुटायला लागली तर पाण्यात जास्त राहिली असं समजा.

चरबी गोमांसाचीच, त्याला तिकडे ड्रिपिंग म्हणतात. किलोभर बटाट्याला शंभर ग्रॅम. ट्रेमध्ये घालून ट्रे आधी दहा मिनिटं तापवायचा आणि फोडी टाकताना चुरचुर आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर थांबा, ट्रे परत आत ढकला. दोन फोडींत बोटभर जागा ठेवा. एका ट्रेमध्ये मावत नसतील तर दोन ट्रे घ्या. दोन्ही ओव्हनमध्ये मावत नसतील तर बटाटे कमी करा. गर्दीपेक्षा ते बरं.

वेळेचं गणित असं. मांस निघायच्या तीस मिनिटं आधी बटाटे वरच्या कप्प्यात. तेव्हा ओव्हन १६०लाच असतो, म्हणून फारसा रंग येत नाही, पण कड वाळते. मांस निघालं की २२०. तिथून पुढची पस्तीस मिनिटं खरं भाजणं, मध्ये एकदाच उलटवायचे. यॉर्कशर पुडिंगही याच अर्ध्या तासात बसतं, आणि त्याची अट कडक: वीस-पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही, नाहीतर फुगलेलं बसतं. म्हणून बटाटे पुडिंग आत जायच्या क्षणी उलटवा. आणि म्हणूनच या ताटात तिसरी अशी भाजी घेऊ नका जिच्यासाठी दार उघडावं लागेल. भाजलेला फ्लॉवर छान लागतो, पण त्याला दोनदा परतावं लागतं. पुडिंग असेल त्या रविवारी तो नको.

आयोजकांकडून चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं राहिली आहेत. बरं. आता निवड.

पहिला निकष मांसाच्या तुकड्याचा. फोररिबमध्ये चरबी भरपूर असते. त्याच्याबरोबर कडू, आंबट, हिरवं हवं. टॉपसाइड किंवा सिल्व्हरसाइड हे मागच्या मांडीचे तुकडे कोरडे, त्यांत ट्रेमध्ये रसही कमी पडतो. तिथे बटर, क्रीम, गोड मुळं चालतात. हे उलटं केलं की ताट एकतर जड होतं किंवा घशाला कोरड पडते. चीजमधला फ्लॉवर फोररिबबरोबर वाढणं मला पटत नाही. चरबी, चीज, पुडिंग, ड्रिपिंगमधले बटाटे, मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही. तोच फ्लॉवर टॉपसाइडबरोबर उत्तम.

दुसरा निकष चुलीचा. बटाटा ओव्हनचा, ते झालं. आणखी एकच भाजी ओव्हनची घ्या, ती पार्सनिप. थंडी पडून गेल्यावरचे घ्या, थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. त्याच साखरेमुळे ते बटाट्याआधी करपतात, म्हणून मांस निघाल्यावर आत घालायचे, आधी नाही. जाड पार्सनिपचा मधला लाकडासारखा दांडा काढून टाका. बोटाएवढे तुकडे, पातळ थर तेल, तीस मिनिटं, खालच्या कप्प्यात. मध घालायचा तर शेवटच्या पाच मिनिटांत, म्हणजे पुडिंग बाहेर आल्यावर.

गाजर शेगडीवर. अर्धा किलो गाजराचे तिरके काप, दीडशे मिलि पाणी, पंचवीस ग्रॅम बटर, एक चमचा साखर, मीठ. झाकण ठेवून सहा मिनिटं, मग झाकण काढून पाणी आटेपर्यंत. तळाशी चिकट चकाकी उरली की झालं. पाणी शिल्लक असताना ताटात वाढलंत तर ते पाणी ग्रेव्हीत मिसळतं आणि इतका वेळ आटवलेली ग्रेव्ही पांचट होते.

लाल कोबी आदल्या दिवशीच करून ठेवा. किलोभर कोबी बारीक चिरून, दोन आंबट सफरचंदं, चार मोठे चमचे व्हिनेगर, दोन चमचे साखर, थोडी लवंग, मंद आचेवर दीड तास. व्हिनेगर सुरुवातीलाच घालायचं. आंबटपणा नसेल तर कोबी निळसर पडतो. दुसऱ्या दिवशी तो अधिक चांगला लागतो आणि रविवारी फक्त गरम करायचा असतो. फोररिबला याच्याइतकी सोयीची जोडी दुसरी नाही.

आता हिरवी भाजी. बहुतेक लोक भाज्या जास्त उकळून बिघडवतात आणि हिरव्या भाजीत थोडा कुरकुरीतपणा राहायला हवा, हे हॅना ग्लास यांनी त्याच पुस्तकात लिहिलंय. पावणेतीनशे वर्षं झाली, आणि ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे कोबीचे ते चिमुकले गड्डे, अजून वीस-वीस मिनिटं उकळले जातात. त्यांचा तो गंधकाचा वास जास्त शिजवल्यामुळेच येतो. बुडाला फुलीसारखी चीर द्यायची पद्धतही सोडा, तिच्यातून पाणी आत शिरतं आणि गड्डा पचपचीत होतो. उभे दोन भाग करा, जाड तव्यावर थोडी चरबी, कापलेली बाजू खाली, चार मिनिटं हलवू नका. खाली गडद तपकिरी झाली की दोन चमचे पाणी, झाकण, आणखी दोन मिनिटं. वरून लिंबू. कडवटपणा राहतो, आणि फोररिबला तोच हवा असतो.

उन्हाळ्यात स्प्राउट्सऐवजी फरसबी. भरपूर उकळत्या खारट पाण्यात, झाकण न ठेवता, चार-पाच मिनिटं. झाकण ठेवलं की भाजीतून निघणारी आम्लं पाण्यातच राहतात आणि हिरवा रंग शेवाळी होतो. लिंबूसुद्धा वाढतानाच पिळा, आधी नाही, कारण तेच.

दोन मिनिटं उरली. प्रमाण: बटाटे सोडून भाज्या तीनच, प्रत्येक माणशी शंभर ते सव्वाशे ग्रॅम. एक गोड, एक आंबट, एक हिरवी. पाच केल्यात तर सगळ्या कोमट होणार. फोररिबला बटाटे, पार्सनिप, लाल कोबी, स्प्राउट्स. टॉपसाइडला बटाटे, चकाकीचं गाजर, चीजमधला फ्लॉवर, फरसबी. यात फ्लॉवर ओव्हनमध्ये जातो, तेव्हा त्या दिवशी पार्सनिप नको. तो आधी सॉस घालून तयार ठेवा, पुडिंगबरोबरच आत जाऊ द्या, उलटवायची गरज नाही. आंबट काही नाही असं वाटेल. तिथे हॉर्सरॅडिश आहे, मोहरीसारखा झणझणीत मुळा. तो ताजा किसायचा, कारण किसल्यावरच तिखटपणा तयार होतो. मग थोड्या वेळाने व्हिनेगर घालायचं, म्हणजे तो टिकतो, आणि क्रीममध्ये गारच मिसळायचा. गरम केला की झणका उडून जातो. आणि या सगळ्यालाही वेळ नसेल तर कापलेल्या मांसाशेजारी वॉटरक्रेस या तिखटसर पालेभाजीची एक जुडी ठेवा, धुऊन, पूर्ण कोरडी करून. मांसाचा रस त्या पानांवर आला की वेगळं ड्रेसिंग लागत नाही.

हात वर झालेले दिसतायत. प्रश्न घेऊया.