सोप्यातली पोती

नमस्कार श्रोतेहो.

बेळगावच्या शहापुरात, खानापूरकडं जुन्या घरांना सोपा, म्हणजे पुढची ओसरी, असतो. सुगीत भाताची पोती आधी तिथंच उतरतात आणि चार दिवसांत आत जातात. कॉम्प्युटरचा डेस्कटॉप म्हणजे असाच सोपा. फरक इतकाच, की आपली पोती तिथंच वर्षानुवर्षं पडून असतात.

मी लग्नपत्रिका आणि अर्ज टाईप करून देतो, जोडीला कॉम्प्युटर दुरुस्तीही करतो. एकदा एका भजनी मंडळाच्या खजिनदारांचा कॉम्प्युटर आला. मी विचारलं, "फाईली डी ड्राइव्हवर आहेत ना?" ते म्हणाले, "सगळं समोरच हाय की ओ." 'समोर' म्हणजे डेस्कटॉपवर, हे माझ्या ध्यानात आलं नाही. डी ड्राइव्हला हात न लावता मी सी ड्राइव्ह, म्हणजे डिस्कचा विंडोज असलेला भाग, फॉरमॅट करून पार पुसला. मंडळाचा सहा वर्षांचा हिशोब गेला. चूक माझीच.

डेस्कटॉप पडद्यावर दिसतो, पण असतो डिस्कवरचा एक साधा फोल्डर. सी ड्राइव्ह, त्यात 'यूझर्स', त्यात आपलं नाव, त्यात डेस्कटॉप. २००७ साली विंडोज व्हिस्टा येईपर्यंत 'यूझर्स'च्या जागी 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' असायचं. म्हणजे ज्या खोलीत विंडोज राहतं, तिथंच आपली पेटी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला, तेव्हापासून नवं विंडोज टाकून घेणाऱ्यांची रीघ आहे. म्हणून हे आज सांगतोय.

उपाय सोपा आहे. डी ड्राइव्हवर आधी 'डेस्कटॉप' नावाचा रिकामा फोल्डर करा. मग मूळ डेस्कटॉप फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि तो नवा फोल्डर दाखवा. घाईत नुसता डी ड्राइव्ह दाखवलात, तर अख्खा डी ड्राइव्हच डेस्कटॉप होऊन बसतो आणि तो निस्तरताना घाम फुटतो. सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, हेही विसरू नका. डिस्कच गेली तर दोन्ही गेले. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच.

अलीकडं वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवरचं कोठार, हा डेस्कटॉप परस्पर आपल्या ताब्यात घेतं. फुकटची जागा ५ जीबी. लग्नाचे फोटो टाकले की ती भरते, आणि मग पैसे भरा म्हणून तगादा सुरू. सोय चांगली आहे, पण न विचारता पोती हलवणारा गडी मला आवडत नाही.

विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम असली, तर 'होम', म्हणजे आपल्या फाईलींचा फोल्डर, डिस्कच्या वेगळ्या भागावर (पार्टिशनवर) ठेवता येतं. सिस्टिम नवी टाकली तरी आपलं सामान जागच्या जागी. त्यातला पडदा मांडून देणारं ग्नोम बनवणाऱ्यांनी तर २०१८ मध्ये डेस्कटॉपवरचे आयकॉनच काढून टाकले. सोपा झाडून लख्ख! लोक चिडले, पण मला पटलं.

आता नावांचं. २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. माझ्याकडं दोन्ही नावांचे फोल्डर आहेत, वर एक कन्नडमधला. एकात शोधलं की दुसऱ्यातलं सापडत नाही. परवा एकाच पत्रिकेच्या दोन फाईली निघाल्या, दोन्हींत मुहूर्त वेगळा. छापायला कुठली गेली, हे नवरदेवाच्या काकांना फोन करून विचारावं लागलं.

नमस्कार.