उलाळ आणि धुरजड

(गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, ग्रंथपालबाई आणि मंडळी,

फळ्यावर विषय लिहिलाय, 'एटीव्ही ट्रेलरवर सुरक्षितपणे कशा चढवाव्यात'. एटीव्ही म्हणजे पर्यटकांना वाळूवर फिरवायच्या त्या जाड टायरच्या चारचाकी गाड्या. पाऊण तास मिळालाय. पुढच्या तीन रांगांत एटीव्हीवाले बसलेत, आक्षी, नागाव, काशिदचे. मागे बसलेत त्यांचे वडील, आणि त्यांच्या मागे एकदोन जण फक्त पंख्याखाली बसायला आलेले आहेत. त्यांचंही स्वागत.

आधी एक प्रश्न. हात वर करा. 'उलाळ' म्हणजे काय, कोणाला माहीत आहे?

बघा. पुढून एकही हात नाही. मागून सात. माझं व्याख्यान खरं तर इथेच संपलं.

अष्टागरात, म्हणजे आपल्या अलिबागच्या किनारपट्टीत, एकेकाळी घरोघरी बैलगाड्या दिसायच्या. नारळ, सुपारी, भाताचे भारे, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यावर. गाडीचा आस मध्ये. आसाच्या मागे वजन जास्त झालं की जू वर उठायचं आणि बैलाच्या गळ्याला जोताचा फास बसायचा. ती गाडी उलाळ. पुढे जास्त झालं की सगळा भार बैलाच्या खांद्यावर. ती धुरजड. माझे आजोबा गाडी भरून झाली की जू एका हाताने उचलून बघायचे, मग एखादं पोतं वीतभर पुढे सरकवायचे. तराजू नाही, काही नाही. किंचित धुरजड ठेवायचे, बैलाला कळेल पण खुपणार नाही इतकी.

आता बैलगाड्यांच्या शर्यती परत सुरू झाल्यात. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या होत्या, 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, 2023 मध्ये घटनापीठानेही शिक्कामोर्तब केलं. वाळूवर गाड्या पळताना बघून माझाही जीव हरखतो. पण शर्यतीच्या गाडीत माल नसतो हो. गाडी परत आली, उलाळ हा शब्द नाही आला. ही माझी जुनी तक्रार आहे, घरचे कंटाळलेत, म्हणून इथे आलो.

कारण टिल्ट ट्रेलर म्हणजे दुसरं काय? साटी, म्हणजे माल ठेवायचा तळ, आसाजवळ बिजागरीवर बसवलेली. मागची कड जमिनीला टेकते, एटीव्ही वर चढते, वजन आस ओलांडून पुढे गेलं की साटी आपोआप खाली बसते. मुद्दाम उलाळ करायची आणि मग धुरजड करायची. एवढीच कल्पना. आणि सगळे घोटाळे त्या दोन शब्दांच्या मधल्या हातभर जागेत होतात.

माझाच सांगतो. मे अखेर होती. 1 जूनला मासेमारी बंद, पर्यटकही ओसरतात, आपण गाड्या घरी न्यायला लागतो. नेमकी वळवाची सर येऊन गेलेली. माझा ट्रेलर नवा, शेजारच्या तालुक्यात एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला. चेकर्ड प्लेट, म्हणजे पाय घसरू नये म्हणून उठावाची नक्षी असलेला पत्रा, लावली होती चांगली, पण मालकाने तिच्यावर चकचकीत काळा ऑइलपेंट मारून दिला. म्हटलं, हे कशाला? म्हणाला, फोटोत उठून दिसतो. (हशा) खरंच दिसायचा. माणूस त्यात स्वतःचं तोंड बघून भांग पाडेल, इतका.

आणि खाली बसलेली साटी अडकवून ठेवायची पिन हरवली होती. तिच्या जागी मी स्क्रूड्रायव्हर घालायचो. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांच्या ट्रेलरला आत्ता काय घातलंय ते मी बाहेर बघून आलोय.

मी एटीव्हीवर बसून ती चढवायला घेतली. पुढची चाकं वर गेली, छान. मागची चाकं वाळूवर होती तोवर सगळं सोपं. ती प्लेटवर आली आणि जागच्या जागी फिरायला लागली. ओला रंग, त्यात टायरच्या खाचांतून गळलेली वाळू. फरशीवर तांदूळ सांडले की त्यावर पाय कसा जातो, तसं. गाडी तिरकी झाली. अशा वेळी शहाणा माणूस थांबतो. मी रेस दिली. पलीकडे गोणपाट पडलं होतं, त्यावर टायर धरला आणि गाडीने अशी उडी घेतली की आस ओलांडून थेट पुढच्या कठड्यावर आपटली. साटी धाडकन खाली बसली, ट्रेलरला जोडलेली जीप मागून दबली. मला वाटलं, झालं काम. पण कठड्यावर आपटून गाडी मागे आली ना! स्क्रूड्रायव्हर घालायला माणूसच नव्हता. आस उलटा ओलांडला, साटी पुन्हा उलाळ, आणि मी, गाडी, सगळे वाळूत. डावं मनगट मोडलं. पाऊस कधी येणार ते हवामान खात्याच्या आधी मला कळतं आता.

हॉस्पिटलात मला भेटायला आलेला कोळीदादा एवढंच म्हणाला, "आम्ही होडी ओढतो तेव्हा होडीत कोण बसतो काय?"

किती वाजले? ग्रंथपालबाई बोटं दाखवतायत. पाच मिनिटं? बरं. मग जे सांगायला आलो होतो ते आता पळवतो.

बसून चढवू नका. ओढून घ्या. हातविंच, म्हणजे हाताने फिरवून तार गुंडाळायचा रहाट, ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर बोल्ट करा. गणित सोपं आहे, साटी 15 अंश कलली असेल तर अडीचशे किलोची गाडी साधारण 65 किलोच्या जोराने मागे ओढते. विंचला ते काहीच नाही. तारेवर एक जुनं पोतं टाका, तुटली तर फटका त्यात जिरतो. गाडीच्या मागे कोणी उभं राहायचं नाही, ढकलायलाही नाही.

पुढचा ब्रेक दाबून चढावर गाडी धरता येते असं ज्यांना वाटतं त्यांनी ऐका. चढावर वजन मागच्या चाकांवर जातं. पुढची हलकी होतात, ब्रेक लागतो पण चाकं लॉक होऊन तशीच घसरतात. आणि घाबरून रेस दिली, मागच्या टायरने अचानक पकड घेतली, तर गाडी मागे उलटून तुमच्यावर येते. मी मनगटावर सुटलो ते नशीब.

प्लेटवर ऑइलपेंट नको. आहे तो खरवडा, चाकांच्या दोन पट्ट्यांवर लोखंडी जाळी वेल्ड करा, किंवा ओल्या रंगावर कोरडी वाळू पेरून वर पुन्हा हात मारा. खाऱ्या हवेत जाळी गंजणार, दर वर्षी बघावी लागेल. मासळीची टोपली ज्या ट्रेलरवर ठेवता त्यावर गाडी चढवायच्या आधी धुवा, मग पुसा. नुसतं धुऊन ओलं ठेवलं तर उपयोग नाही. जीप आधी जोडलेली, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये, चाकांना दगड. ट्रेलरची मागची कड मऊ वाळूत नको, खाली फळी द्या, नाहीतर ती रुतते आणि चढ बदलतो.

साटी बसली की पिन. खरी पिन, क्लिपसकट. मग पट्टे, चार कोपऱ्यांना चार, हँडलला नाही, चासीला. सस्पेन्शन थोडं दबेल इतके कसा, आणि रेवदंड्याला निघालात तर चौलच्या अलीकडे थांबून पुन्हा कसा, कारण गाडी रस्त्यात बसते. उतरवताना पिन काढायच्या आधी विंचची तार परत लावा.

आणि निघायच्या आधी, जीपचा हुक क्षणभर सोडून, दांडा हाताने उचलून बघा. हुकावर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के यायला हवं. सहज उचलला गेला तर ट्रेलर उलाळ आहे, वेग घेतल्यावर शेपूट हलवेल. गाडी वीतभर पुढे घ्या. उचलतच नसेल तर...

(मागून: "धुरजड!")

बरोबर! मागे घ्या.

बाई उठल्याच. चहा आलाय वाटतं. ज्याला बघायचंय त्याने बघा, ट्रेलर बाहेर आंब्याखाली उभा आहे. साटी हलवायची असेल तर मला हाक मारा, पिन माझ्या खिशात आहे.