प्रतिस्पर्ध्याच्या घरी मुक्काम

श्रोतेहो, नमस्कार.

दिवसभर मैदानावर ज्याच्याशी चुरशीनं झुंजायचं, रात्री त्याच्याच घरी जेवायला बसायचं, तिथेच झोपायचं आणि सकाळी पुन्हा त्याच्याच विरुद्ध उभं राहायचं. शाळकरी वयात हा अनुभव मिळाला तर?

बँकॉक, जकार्ता, क्वालालंपूर, मनिला, सिंगापूर आणि तैपेई इथल्या सहा आंतरराष्ट्रीय शाळांची 'आयसास' नावाची संघटना आहे, १९८२ मध्ये उभारलेली. या शाळा आपसांत स्पर्धा भरवतात. पाहुण्या खेळाडूंना यजमान शाळेतल्या कुटुंबांनी आपल्या घरी उतरवून घ्यायचं, ही तिथली जुनी रीत. खेळांच्या जोडीला नाटक, नृत्य, संगीत, वादविवाद यांचीही संमेलनं होतात.

अशा शाळांना एकमेकींची गरज का पडते? पुष्कळदा शहरात आपल्या तोलाचा दुसरा संघच नसतो, मग सामन्यासाठी सीमा ओलांडावी लागते. शिवाय इथली बरीच मुलं आईवडिलांच्या बदल्यांमुळे दोन-तीन वर्षांत गाव बदलतात. मैत्री जुळते न जुळते तोच सामान बांधायची वेळ येते. म्हणून त्या घरच्या मुक्कामाचं मोल मला चषकापेक्षा जास्त वाटतं. अर्थात यजमान घरं आधी नीट पारखून घ्यायलाच हवीत, त्यात हयगय नको.

शाळा एकत्र येतात त्या केवळ खेळासाठी नव्हे. हेग शहरात १९६८ पासून शालेय मुलांची प्रतिरूप संयुक्त राष्ट्र परिषद भरते, म्हणजे मुलं देशांचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांसारखी सभा चालवतात. तिथे मुलं बहुधा परक्या देशाची बाजू मांडतात. आधी गटागटांत बोलणी, मग एकाच विषयावरचे मसुदे जोडून ठराव, मग चर्चा आणि मतदान. जे आपल्याला पटत नाही तेही अभ्यास करून प्रामाणिकपणे मांडावं लागतं. आणि तिथे उत्कृष्ट वक्ता वगैरे बक्षिसं नसतात! मला हे फार आवडतं. बक्षीस आलं की मुलं ठरावापेक्षा परीक्षकाकडे बघून बोलू लागतात.

याहून पुढचं पाऊल टाकलं ते 'इस्टा' या आंतरराष्ट्रीय शालेय नाट्यसंघटनेनं, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या. तिच्या महोत्सवांत शाळाशाळांची चढाओढ नसते. आल्या आल्या सगळ्यांची सरमिसळ करून नवे गट पाडतात, अनुभवी कलावंत त्यांच्याबरोबर काम करतात आणि शेवटी सगळे मिळून प्रयोग सादर करतात.

एक गोष्ट मात्र खटकते. प्रवास खर्चिक असतो, जागा मोजक्या असतात, आणि दर वेळी तीच चार हुशार मुलं निवडली जातात. प्रकाशयोजना सांभाळणारी, गुण नोंदवणारी, राखीव बाकावर बसणारी मुलं मागेच राहतात. त्यांनाही या प्रवासांत जागा मिळायला हवी.

शिक्षकहो, अशी स्पर्धा तुम्ही भरवणार असाल तर माझी कळकळीची विनंती आहे. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी एक दुपार मोकळी ठेवा. सगळ्या शाळांच्या मुलांची नावं एका डब्यात टाका, चिठ्ठ्या काढून संघ नव्यानं बांधा आणि एक सामना तसा खेळू द्या. राखीव बाकावरच्यांना त्यात आधी घ्या.

नमस्कार.